कोंडवाड्याच्या लिलावातल्या शिंका

एक

“हाई कोनी मानाव नही,” असं म्हणूनच पितांबर आबांची प्रत्येक गोष्ट सुरू व्हायची, आणि आडगव्हाण गाव त्यांचा शब्द कधी खाली पडू देत नसे. तापीच्या पुरात आबा ओंडक्यावर बसून पैलतीरी गेले आणि उतरल्यावर ओंडक्याने जांभई दिली, हे कुणी मानलं नाही. तोरणमाळला धुकं इतकं दाट होतं की आबांनी त्यावर धोतर वाळत घातलं, हेही कुणी मानलं नाही.

पण आता जे सांगायचं आहे ते या सगळ्याच्या वरताण आहे. नगरपंचायतीच्या जागेचा लिलाव. कागद रीतसर, शिक्के जागच्या जागी, बोली लावायला पैसेवाले हजर. आणि हा लिलाव मारून टाकला तो शिंकांनी. बसणार नाही विश्वास. न बसू दे. ऐकायला काय जातं?

जागा होती जुन्या कोंडवाड्याची. मोकाट गुरं कोंडायची ती. गावात ट्रॅक्टर आले तशी गुरं घटली. शेवटची कैदी म्हणजे एक म्हातारी घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेतून कुणीतरी सोडून दिलेली. ती मेली आणि नगरपंचायतीच्या कागदावर जागेपुढे ‘विनावापर’ असा शब्द पडला. कागदाला डोळे नसतात. दर हिवाळ्यात तिथे मिरचीची पथारी पडायची, सगळं आवार लालभडक व्हायचं, आणि लिंबाच्या सावलीत बायका मिरचीचे देठ खुडत बसायच्या, हे कागदाला दिसलं नाही.

त्या बायकांची म्होरकी मदिनाबी. तिचं घर कोंडवाड्याच्या भिंतीला लागून. सासू अंथरुणाला खिळलेली. इकडे देठ खुडताना भिंतीपलीकडून “मदिनाऽ” अशी हाक आली की ती उठायची, म्हातारीला कुशीवर वळवायची, पाणी पाजायची आणि परत येऊन बसायची. जागा विकली गेली तर हे काम हायवेवरच्या गोडाऊनमध्ये जाणार होतं. तिथे हाक कुठून ऐकू येणार? काम सोडलं तर चूल बंद, आणि कामावर गेलं तर म्हातारीकडे कोण बघणार?

सभेचा ठराव असा: जागा लिलावाने विकावी. आलेल्या पैशातून नव्या पाण्याच्या टाकीसाठी इंद्रसिंग बापूंच्या शेतातला तुकडा विकत घ्यावा. आणि तीन वेळा लिलाव फसला, तर विषय पुन्हा सभेपुढे आणावा.

आता आडगव्हाणची एक जुनी रीत. भाव मोठ्याने सांगायचा म्हणजे उघडं पडायचं, अशी इथल्या माणसांची समजूत. म्हणून लिलाव सरकारी असला तरी पहिली बोली घोड्यांच्या बाजारासारखी रुमालाखाली. पुकारणारा रुमाल धरतो, त्याखाली एकेकाने हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मग तो हात कपाळाला लावायचा, तिथून मिशीवर फिरवायचा. ज्याची बोटं मोठी त्याच्यापासून पुढची बोली तोंडाने. पुकारणारे अर्थात पितांबर आबा. नगरपंचायतीचे जुने दवंडीवाले.

लिलावाच्या दोन दिवस आधी आबा पथारीवर आले. बायकांना एक गोष्ट ऐकवली आणि जाताना म्हणाले, “मदिनाबी, चिमूटभर मिरचीनी भुकटी दे ना. ज्वारीना कनगीमा कीड पडनी.”

मदिनाबीने झाडलोटीतली भुकटी पुडीत बांधून दिली. यात आठवणीत ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने ठेवलंही नाही.

लिलावाच्या सकाळी मुख्याधिकारी चारुलता मॅडम टेबल मांडून बसल्या. बाई कोकणातल्या, कामाला कडक, गावात नव्या. शेजारी खुर्चीवर आबा, हातात कोराकरकरीत लाल रुमाल.

“आबा, तुम्हना पांढरा रुमाल कथा गया?” कोकिळाने बायकांच्या घोळक्यातून विचारलं. कोकिळा म्हणजे मदिनाबीच्या शेजारी बसून खुडणारी. तिचं तोंड हातापेक्षा जोरात चालायचं.

“घोडीनी खादा.”

“कोन्ही घोडीनी?”

“हाईच, कोंडवाडानी.”

“ती मरी गयी ना आबा!”

“म्हनीसन तर भूक जास्ती,” आबा म्हणाले. बायका खिदळल्या.

पहिले उठले जगदीश शेठ. मिरचीचे व्यापारी, हायवेवरच्या त्या गोडाऊनचे मालक. त्यांनी रुमालाखाली हात घातला, बोटं दाबली, हात कपाळाला लावला, मिशीवर फिरवला. लिलाव सुरू झाला असं वाटतंय न वाटतंय तोच शेठ छताकडे बघतात तसे आभाळाकडे बघू लागले.

“आ... आऽ... आक्‌छी!”

सौद्याच्या तोंडावर शिंक! शेठ एक पाऊल मागे सरले.

मग आले इंद्रसिंग बापू. मिशा विळ्यासारख्या. हात, बोटं, कपाळ, मिशी. आणि बापूंनी अशी शिंक दिली की लिंबावरचे कावळे उडाले. पाठोपाठ दुसरी. “नही भो,” बापू म्हणाले, “जागा खराब शे.” आणखी एकाने धीर केला. तोही शिंकला. बाकीचे हात खिशात घालून उभे राहिले.

मॅडमनी फाईल मिटली आणि पथारीकडे पाहिलं.

“ही मिरची कुणाची?”

दोन

दुसरा लिलाव दत्तजयंतीच्या आधी ठेवला. मॅडमच्या हुकुमाने मिरची एका कोपऱ्यात ओढून वर ताडपत्री टाकली होती. शेठ आणि बापू आले, पण या वेळी त्यांनी आपल्या आधी एका परक्याला पुढे घातलं. अक्कलकुव्याचा कामरान, घोड्यांचा दलाल, तरणाबांड, दाढीमिशी सफाचट.

कामरानने रुमालाखाली हात घातला, कपाळाला लावला, आणि मिशी नसल्यामुळे तो हात तसाच खाली आणला. शिंक नाही! मॅडमचा चेहरा उजळला.

आणि कामरान रडायला लागला.

साधं रडणं नाही, घळाघळा. ऊन होतं, कपाळावर घाम होता आणि पोरगा दोन्ही डोळे मिटून बाकाला धडकत होता. “अरे, काय झालं?” मॅडम उठल्या. “मालूम नही,” तो हुंदके देत म्हणाला. शिंकेने सौदा मोडतो, मग रडण्याने तर गावच मोडत असेल, असं म्हणत माणसं पांगली. जगदीश शेठ आणि बापू यांनी केवळ मान राखायचा म्हणून हात घातला आणि आळीपाळीने शिंकून घेतलं.

त्या गोंधळात आबा डाव्या हाताने चहा पीत होते. कोकिळाने विचारलं तर म्हणाले, “उजवा हात बोलीना शे. तेन्हा मान ठेवना पडस.”

मॅडम सरळ मदिनाबीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्या मिरचीची धूळ सगळ्या आवारात आहे. उद्यापासून एकही पोतं इथे दिसता कामा नये. मी जागा टँकरने धुऊन घेणार. तिसऱ्या लिलावात कुणी शिंकलं नाही, तर दोष तुमचा होता हे सिद्ध झालं असं समजा. मग या गावात कुठल्याच सरकारी जागेवर तुम्हाला बसू देणार नाही.”

बायका पोती उचलायला लागल्या. आबा खुर्चीवरून उठून लिंबाखाली आले. नेहमीचा तोरा नव्हता.

“बायाहो, हाई कोनी मानाव नही,” ते हळू आवाजात म्हणाले, “पन रुमालखाले समदासनी मले सारखाच बोटं दिधात. पहिला बार बी, नी आज बी.”

“मरेल घोडीनी बी दिधात का?” कोकिळा म्हणाली. इतक्या दुःखातही बायका हसल्या.

आबा मात्र हसले नाहीत. मदिनाबीने ते पाहिलं. भिंतीपलीकडून सासूने हाक मारली आणि ती आत गेली.

तीन

मिरचीत जन्म गेलेल्या बाईला मिरचीवरचा आळ जास्त झोंबतो. रात्रभर मदिनाबी एकच गोष्ट घोळवत राहिली. आम्ही दिवसभर त्यात बसतो, आम्हाला ठसका लागतो, शिंक येत नाही. आणि अख्खी मिरची तर कुणालाच शिंकवत नाही. शिंकवते ती भुकटी, तीही नाकापाशी गेली तर. मॅडम दोन्ही वेळा त्याच आवारात, त्याच वाऱ्यात बसल्या होत्या. त्या का नाही शिंकल्या?

सकाळी तिने सासूला कोकिळाच्या हवाली केलं आणि जगदीश शेठांची पेढी गाठली.

“शेठ, शिंक उनी तव्हय काय वाटनं?”

“वाटणार काय? नाकात आग!” शेठ मिशी चाचपत म्हणाले. पेढीवर ते पुस्तकी मराठी बोलत. “दोन दिवस मिशीला लोणी लावून बसलो होतो.”

“मिशीले? नाकले नही?”

“आग मिशीत होती बाई, नाक फक्त शिंकत होतं! आणि तू कशाला चौकशी करतेस? तुझ्याच बायकांनी धूळ उडवली. जागा मला मिळाली तर तुम्हाला गोडाऊनला काम देईन, उपकार मानायचे सोडून...”

“मन्ही सासूले बी गोडाऊनमा ठेवशात का?”

शेठांनी फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

इंद्रसिंग बापू गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. त्यांच्या गोठ्याची मागची भिंत कोंडवाड्याच्या हद्दीत चांगली हातभर घुसलेली. त्यांना वाटलं बाई त्याच विषयावर आली.

“ती भिंत आजोबासनी बांधेल शे,” ते आधीच म्हणाले.

“भिंत ऱ्हाऊ द्या बापू. तुम्हले शिंक कशी उनी?”

“भिंतना काही संबंध नही!”

“बापू, शिंक.”

“हां, शिंक.” बापू सैलावले. “मिशीवर हात फिरावा नी उनी. आम्हना गिरासे रजपूतसमा मिशीवर हात फिरावाबिगर सौदा होत नही. नहीतं मी शिंकतुच ना.”

“नी जागा भेटनी नही तं तुम्हनं काय नुकसान?”

“मन्हं काय? मन्ही जमीन टाकीले जाई ऱ्हायनी. पैसा उना म्हंजे...” बापूंनी जीभ चावली आणि म्हशीला उगाचच हाकललं.

वाटेत पितांबर आबांचं घर. ओट्यावर आबा एकटे बसले होते. ऐकायला कुणी नसलेले आबा म्हणजे पाणी नसलेला माठ. मदिनाबीने विचारायच्या आत ते म्हणाले, “घोडी शे ती. कोंडवाडानी. तिले जागा सोडनी नही. कोनी बोली लावाले उना का ती नाकवर फुंकर मारस.”

“तुम्हना नाकवर का नही मारत?”

“मन्ही नी तिन्ही जुनी वळख.”

मदिनाबी हसली आणि उठली. उठताना तिने आबांचा हात धरला, म्हाताऱ्या माणसाचा धरतो तसा. हात सटकला. उजवा तळवा तेलाने चकचकत होता.

“तेल कशाले लावं आबा?”

“सांधा दुखस,” आबांनी हात मागे घेतला. “जाय आते, तुन्ही सासू वाट दखी ऱ्हायनी.”

चार

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारातून एकट्या बाईने हिंडायचं म्हणजे लोक वळून बघणारच. मदिनाबी कुणाकडे न बघता चालत होती. बघत होती ती फक्त रुमालांकडे. ठिकठिकाणी दोन माणसं उभी, मध्ये रुमाल, खाली बोटं. कपाळ, मिशी, सगळं तसंच. एकही जण शिंकत नव्हता. घोडे मात्र मनसोक्त फुरफुरत होते.

कामरान एका पांढऱ्या घोडीला गूळ चारत होता. मदिनाबीला पाहून त्याने कपाळावरचा हात झटकन खाली घेतला, जणू पुन्हा रडू येईल.

“सलाम चाची. रडवायला आलात?”

“हसवायला. त्या दिवशी तुला कोण आठवलं होतं रे, एवढं रडायला?”

“कुणी नाही! डोळ्यात आग झाली. कपाळ पेटलं, घाम खाली उतरला आणि डोळे गेले. आठवडाभर अर्शिया मला ‘रोतडू’ म्हणत होती. बायको आहे माझी, म्हणून ऐकून घेतलं.”

“शिंक नाही आली?”

“कुठून येणार? मला मिशी कुठे आहे?” तो सहज बोलून गेला आणि मदिनाबी जागच्या जागी थांबली.

“रुमालाखाली काही वेगळं वाटलं?”

“आबांचा हात. तेलकट. दोनदा बोटं घसरली माझी. म्हटलं, म्हाताऱ्याला घाम फुटलाय.”

मदिनाबीने घोडीच्या मानेवर हात ठेवला. “आणि तू अक्कलकुव्याचा. आमचा कोंडवाडा घेऊन काय करणार होतास?”

कामरान खो खो हसला. “बोचक्यात बांधून नेणार होतो? चाची, मी घेणारा नव्हतोच. जगदीश शेठ म्हणाला, मी सांगतो ती बोटं दाब, चहा पी, घरी जा. तोंडाची बोली सुरू झाली की गप्प बसायचं. सगळ्यांना तेच सांगितलं होतं. बदल्यात माझी ही घोडी घेणार होता. घेणं सोडा, बघायलासुद्धा आला नाही.”

“कोणती बोटं?”

त्याने तिच्या ओढणीचं टोक आपल्या डाव्या हातावर टाकलं आणि त्याखाली उजव्या हाताने दाबून दाखवलं. मधली तीन बोटं. आणि करंगळीला चिमटा.

“पुढच्या लिलावाला पुन्हा बोलावलंय,” तो म्हणाला. “तीच बोटं.”

पाच

परतीच्या एसटीत मदिनाबीला खिडकीची जागा मिळाली. डोकं चालवायला तेवढं पुरे.

शिंकले ते मिशीवाले. रडला तो बिनमिशीचा, कारण त्याचा हात कपाळापर्यंतच गेला. मॅडम शिंकल्या नाहीत, कारण त्यांनी रुमालाखाली हात घातलाच नाही. म्हणजे आग हवेत नव्हती, जागेतही नव्हती. हातावर होती. आणि सगळ्या हातांत एकच गोष्ट समान: लाल रुमाल. पांढऱ्या रुमालावर भुकटी उठून दिसली असती. लालवर लाल कुणाला दिसणार?

मग आबांना का नाही झोंबलं? मिरचीची धूळ उपसायच्या आधी हाताला तेल चोपडायचं, ही देठ खुडणाऱ्या बायकांची रीत. दुसरं कुणी असं करत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीतच नाही. आबा मात्र सगळा हिवाळा त्यांच्यातच बसतात. उजव्या हाताला तेल, चहा डाव्या हाताने. आणि भुकटी? भुकटी तर तिने स्वतःच्या हाताने पुडीत बांधून दिली होती. कणगीतल्या किड्यांसाठी!

“या म्हाताराना ते कनगीच नही शे,” ती मोठ्याने म्हणाली. शेजारची बाई दचकून सरकून बसली.

राहिलं एकच: का? तेव्हा तिला आबांचा न हसणारा चेहरा आठवला. रुमालखाले समदासनी मले सारखाच बोटं दिधात. रुमाल सगळ्या गावापासून भाव झाकतो. पुकारणाऱ्याच्या तळव्यापासून कसा झाकणार? संगनमत कळलं होतं ते एकट्या आबांना. ठरल्या बोलीने जागा मातीमोल शेठच्या घशात जाणार, आणि तोच पैसा टाकीच्या तुकड्यापायी बापूंच्या खिशात जाणार. पण आयुष्यभर ओंडक्याला जांभया देववलेल्या माणसाने हे सांगितलं तर मानणार कोण? जन्मात एकदा आबा खरं बोलले आणि बायकांनी मेलेली घोडी पुढे केली. खरं चालेना, तेव्हा म्हाताऱ्याकडे पुन्हा मिरचीच उरली. आणि तीच मिरची उलटून बायकांवर आली.

पण पहिली पुडी तर आबांनी बोटं कळायच्या आधीच नेली होती. मग त्यांना जागेत काय हवं होतं? काही नाही. लिंबाखाली बसलेले कान. गोडाऊनच्या फाटकात गोष्टी सांगणाऱ्याला कोण आत घेणार?

बस उतरून ती आबांच्या दारावरून गेली. आबा ओट्यावर भाकरी सोडत होते. भाकरीचं फडकं पांढरं होतं, त्याला निळी किनार. दवंडीवाल्याला नगरपंचायतीने दिलेला रुमाल तिने लहानपणापासून पाहिला होता. घोडीने खाल्लेला तो हाच.

दुसऱ्या दिवशी ती चारुलता मॅडमपुढे उभी होती. आबांचं नाव सांगितलं तर बायका सुटतात, आणि तिसऱ्या लिलावात जागा शेठची होते. नाव झाकलं तर आबा पुन्हा मिरची लावतील, लिलाव मोडेल, पण ते मिरचीने मोडणं मदिनाबीला पचत नव्हतं. तिच्या मिरचीला खोटं काम कुणी लावलेलं तिला चालत नसे.

“मॅडम, या वेळी रुमालाखाली तुम्ही हात ठेवा.”

“मी? मला त्या बोटांतलं काय कळतं?”

“म्हणूनच. तुम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतंय. मी शिकवते.” मदिनाबीने ओढणी पसरली आणि खाली मॅडमच्या हातावर मधली तीन बोटं दाबली, करंगळीला चिमटा काढला. “एवढंच लक्षात ठेवा. हीच बोटं प्रत्येकाची आली तर काय समजायचं ते तुम्ही समजा. नाही आली, तर पथारी कायमची उचलते.”

मॅडमनी तोच चिमटा आपल्या करंगळीला काढून पाहिला.

“आणि शिंका?”

“शिंका आणणाऱ्याचं नाव लिलाव झाल्यावर सगळ्यांदेखत सांगते. पण शिक्षा बायका देतील. हंगामभर आमच्यात बसवून देठ खुडायला लावू.”

“आधी बोटं तर येऊ देत,” मॅडम म्हणाल्या.

सहा

तिसऱ्या लिलावाच्या दिवशी कोंडवाडा इतका धुतला होता की लिंबाचं प्रतिबिंब दिसावं. मिरचीचा मागमूस नाही. आबा खुर्चीवर, मांडीवर भाकरीचं गाठोडं, हातात लाल रुमाल, उजवा तळवा चकचकीत. शेठांनी मिशीला आधीच लोणी फासलं होतं.

“आजची पहिली बोली मी घेणार,” चारुलता मॅडम उभ्या राहिल्या.

आवारात कुजबुज उठली. “बाईमानूसना हातमा बोटं?” बापू मागे सरले.

“मी मुख्याधिकारी आहे. तुमची बोटं मोजून परत देईन. आबा, रुमाल द्या.”

आबांचा चेहरा लाल रुमालाच्या उलट, पांढराफटक झाला. “हाऊ नका मॅडम! हाऊ... धुवाना शे.”

“मन्ही ओढणी ल्या,” मदिनाबी पुढे झाली. आबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शेठ निर्धास्त होते. कोकणातली बाई, तिला घोडेबाजाराची बोटं काय उमगणार? त्यांनी हात घातला, दाबला, काढला. मग बापू, हात पुढे आणि मान वळवून दुसरीकडे. मग पहिल्या लिलावात शिंकलेला तो तिसरा. शेवटी कामरान, तो तर डोळे मिटूनच आला. हात कपाळाला गेले, मिशीवर फिरले.

कुणी शिंकलं नाही.

शेठ हसले. “मग मॅडम? मिरचीच होती ना? करा सुरू तोंडाची बोली.”

मॅडमनी ओढणीची सावकाश घडी केली आणि आपला हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“शेठ, मधली तीन बोटं. बापू, मधली तीन बोटं. तुम्हीही. तुम्हीही. आणि प्रत्येकाचा करंगळीला चिमटा.”

“योगायोग,” शेठ म्हणाले.

“चिमटासुद्धा?”

लिंबावरून एक कावळा ओरडला. शेठांनी बापूंकडे पाहिलं, बापूंनी म्हशीची आठवण झाल्यासारखं गोठ्याकडे पाहिलं, आणि कामरान म्हणाला, “मी आधीच सांगितलं होतं शेठ, घोडी बघायला या.”

मग मॅडम बसल्या नाहीत. लिलाव रद्द, संगनमताचा अहवाल वर जाणार, आणि विषय पुन्हा सभेपुढे. मदिनाबीने तेवढ्यात विचारूनच घेतलं: “मॅडम, टाकीले जागा पाहिजे म्हनीसन ही जागा इकनी, मग बापूनी जागा इकत लेनी. त्यापेक्षा टाकी आठेच कोपरामा का बरं नही?” मॅडमनी कोपरा पावलांनी मोजला. मग म्हणाल्या, “सभेपुढे मी हेच मांडणार. आणि ‘विनावापर’ हा शब्द आजच खोडते. सभेचा निर्णय होईपर्यंत पथारी घाला. हंगामाचं भाडं रीतसर भरायचं.” भिंतीपलीकडून हाक आली: “मदिनाऽ, काय झालं?” आणि ती ओरडून म्हणाली, “आठेच शे मी, अम्मा! आठेच ऱ्हासू!”

बायकांनी एकच गिल्ला केला. तो शमल्यावर मॅडम वळल्या.

“आता तुमचा शब्द मदिनाबी. शिंका कुणाच्या?”

सगळ्या नजरा तिच्यावर. तिचं तोंड उघडतंय तोच आबा खुर्चीवरून ताडकन उठले. गाठोडं त्यांनी छातीशी धरलं आणि आवाजाला तो जुना दवंडीचा सूर लावला.

“मॅडम, हाई कोनी मानाव नही! ती घोडी व्हती. कोंडवाडानी, मरेल. पहिला लिलावना आदलं रोज ती मन्हा सपनमा उनी नी म्हने, पितांबर, लबाडसले जागा देऊ नको. मी म्हनं, बाई, मी गरीब मानूस, मन्हाकडे काय शे? ती म्हने, तुन्हा पांढरा रुमाल दे. मी दिधा. निळी किनारना. मन्हा डोयादेखत तिनी चावीचावी खादा, ढेकर दिधी, नी तव्हयपाईन जो लबाड रुमालखाले हात घाले तेन्हा नाकवर ती फुंकर मारे. आज तिनं काम व्हयनं. गयी ती, थेट तोरणमाळले! रुमाल मातर मन्हा पोटमा लई गयी...”

“आबा,” मदिनाबी म्हणाली, “घोडीना पोटमाधला रुमाल तुम्ही छातीशी धरी ऱ्हायनात, नी तेन्हामाईन भाकर डोकाई ऱ्हायनी.”